नाव ठेवणे

तासगावच्या कोल्ड स्टोरेजमधला कंट्रोलर
सात वर्षं नीट चालला
आणि मार्चातल्या एका दुपारी पासवर्ड मागू लागला.
बनवणारी कंपनी कुपवाडची. तिच्या शेडमध्ये आता
प्लायवूडचं गोदाम आहे.
आत चारशे टन बेदाणा, बाहेर एकेचाळीस डिग्री,
आणि मॅनेजर खैरुन्निसाभाभी म्हणाल्या,
'रोहिणी, तूच खोल की गं ते.'

खोलणं सोपं. चार स्क्रू, एक चिप,
तिच्या पोटातले बत्तीस किलोबाइट लॅपटॉपवर उतरवले.
मग काढलं ते फुकटचं अवजार
जे कुणाच्याच मालकीचं नाही, म्हणजे
ज्यानं ज्यानं त्यातली एखादी ओळ दुरुस्त केली
त्या सगळ्यांचं.
पीठ चाखून जोंधळा ओळखावा तसं
ते आकड्यांमधून उलट चालत जातं,
पण शेताचं नाव त्याला येत नाही.
खोली क्रमांक अमुक, खोली क्रमांक तमुक,
दारावर पाटी कुठंच नाही.

नावं ठेवायला आपल्याकडं माणसं कमी नाहीत.
नाव ठेवायला बसलं की कळतं.
कानात कुर्र करणारी आत्या लागते
आणि तिनं आधी बाळ नीट बघितलेलं लागतं.

ही चिप अवजाराला ठाऊकच नव्हती.
मी तिची बोली लिहून पाठवली, एकशे अकरा सूचना.
परत आली.
वजाबाकीत हातचा धरायला विसरले होते,
तिसरीतल्या पोराची चूक.
दाखवली ती एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानं,
बर्फाच्या कुठल्याशा गावातून, रात्रपाळी संपवून.
जुन्या शिलाई मशिनी उघडणाऱ्या एका बाईनं
माझी अख्खी फाईल वाचली
आणि काही न बोलता दोन रिकाम्या जागा पुसल्या.
एकजण नुसता भांडतो.
त्याचं बरोबर असतं, हाच त्याचा त्रास.
तोवर इकडं दऱ्याप्पा आणि सिद्राम
भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत
हातानं कॉम्प्रेसर चालू करायचे, बंद करायचे, चालू करायचे.
एकोणिसाव्या दिवशी बोली आत घेतली गेली.

मग मी आत्या झाले.
थंडी_मोज. पंखा_फिरव. दार_उघडं_का.
लिफ्टवाल्याला म्हटलं, इंग्रजी करून देऊ?
'नको. ज्यानं पहिल्यांदा पाहिलं
त्यानं ठेवलेलं राहू दे.'

पासवर्ड संध्याकाळीच सापडला, कुपवाडचा पिनकोड.
हसावं की रडावं.
पण एक खोली उरली
जी काहीच करत नव्हती.
दार उघडलं की पंखा बंद करायची, आणि थांबायची.
चाळीस सेकंद. नुसती.
कशाला थंडी वाया घालवायची? मी ती खोडायला निघाले.
भांडणारा आडवा आला.
'कारण सापडत नाही म्हणजे कारण नाही, असं नसतं.'
वैतागून मी नाव ठेवलं: का_थांबतोस.

विश्रामबागेत, गॅस एजन्सीच्या मागं,
उपाध्ये सापडले. बहात्तर वय, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं.
मूळ कोड? तो पुराच्या साली गेला, म्हणाले,
सोफा गेला, लेकीच्या लग्नाचा अल्बम गेला, त्यात तोही.
लॅपटॉप पुढं ठेवला.
ते ओळीवर बोट ठेवत गेले,
स्वतःचंच अक्षर दुसऱ्याच्या वहीत वाचल्यासारखे,
आणि त्या खोलीपाशी खो खो हसले.
'नाव ठेवलंस होय माझ्या कामाला?'

मग सांगितलं.
डोक्यावर पेट्या, अंग घामानं निथळतंय,
दारातून शेवटच्या रॅकपर्यंत जायला
माणसाला चाळीस सेकंद लागतात. मी स्वतः मोजलेत, पेट्या घेऊन.
तेवढा वेळ गार वारं नको अंगावर.
मालकाला बोललो नव्हतो. तो नको म्हणाला असता.

रात्री मी पाटी बदलली. अर्थ लिहून पाठवताना
दोनदा खोडलं.
भांडणारा यावेळी भांडला नाही.

सकाळी दऱ्याप्पाला सांगितलं.
त्यानं टॉवेलनं मान पुसली,
पंख्याकडं बघितलं.
'असं होय,' म्हणाला,
'मला वाटायचं, पंखा जुना झालाय.'